महाराष्ट्र केसरीची यादी आणि टपरीवरचा न सुटणारा वाद

महाराष्ट्र केसरी विजेत्यांची यादी 1961 पासून सुरू होते आणि तिची पहिली ओळ आमच्या जिल्ह्यातली आहे. राज्य जन्मून जेमतेम वर्ष झालेलं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेनं पहिली स्पर्धा तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात भरवली आणि सांगलीकडचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. मी राहतो ते चितेगाव तिथून पैठण रोडवर. बाहेरच्या माणसाला चितेगाव सांगायचं तर व्हिडिओकॉनचं नाव घ्यावं लागतं. त्या कंपनीच्या कागदांवर पत्ताच 'औरंगाबाद-पैठण रोड, 14 किलोमीटरचा दगड, चितेगाव' असा असायचा. गाव कारखान्यांचं झालं, पण शिफ्ट सुटल्यावर टपरीवर उभी राहणारी माणसं पैठण तालुक्यातल्या, गंगापूरच्या, बीडच्या खेड्यांतूनच आलेली. त्यामुळं क्रिकेट संपलं की विषय कुस्तीवर येतो, आणि कुस्तीवर आला की लवकर हलत नाही.

या वादांचे ठरलेले तीन टप्पे असतात. आधी कुठलं पोरगं पुढं केसरी होणार. मग कुठल्या पंचानं कुणाचा गुण खाल्ला. आणि शेवटी, आवाज चढल्यावर, खरा केसरी कोण. गेली काही वर्षं मी हे ऐकतोय, मधूनमधून त्यात बोलतोही. एक गोष्ट लक्षात आली आहे. तिसऱ्या टप्प्यात एक नाव निघालं की सगळे घाईघाईनं दुसऱ्या टप्प्यावर परत जातात. ते नाव नरसिंग यादव.

पण आधी पहिला टप्पा, कारण तो सगळ्यात मजेचा.

होतकरू पैलवान ओळखायची आमच्याकडची पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. मान बघतात. मनगट बघतात. मोडलेला कान असला तर हा घासून आलाय असं समजतात. पोरगं खाली गेल्यावर घाबरतं का, ते बघतात. अनुभवी माणसं पोराकडे कमी आणि त्याच्या बापाकडे जास्त बघतात, कारण खुराक बापाच्या खिशातून येतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, आणि तालमीत राहायचं तर महिन्याचा खर्च वेगळा. कापूस पडला, तूर वाळली की पहिला काप बदामावर बसतो. जत्रेच्या फडात लहान पोरं रेवड्यांवर आणि नारळावर लढतात, मग शंभर-दोनशेवर, मग हजारांवर. जोड लावणारा पंच दोन पोरांचे हात धरून फडभर फिरवतो, हलगी चढते आणि गर्दीतला प्रत्येकजण त्या क्षणी निवड समिती असतो. 'हे गडी लांब जाणार' असं आमच्यापैकी प्रत्येकानं किमान वीस पोरांबद्दल म्हटलेलं आहे. त्यातला एखादा पोलीस भरतीत लागतो, एखादा ट्रक चालवतो. लांब गेलेला मराठवाड्याचा गडी म्हणून पुन्हा पुन्हा एकच उदाहरण निघतं ते हरिश्चंद्र बिराजदार मामांचं. लातूर जिल्ह्यातलं रामलिंग मुदगड त्यांचं गाव. 1969 चे महाराष्ट्र केसरी, आणि पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. दिल्लीच्या सतपालला त्यांनी 1977 मध्ये बेळगावात पाडलं, ती कुस्ती न पाहिलेली माणसंही पाहिल्यासारखी सांगतात.

दुसरा टप्पा पंचांचा. इथं ताजा माल भरपूर आहे. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले आणि राज्यभर मोबाइलवर तीच क्लिप पुढं-मागं करून बघितली गेली. कुणाचा खांदा किती टेकला यावर ज्यांनी आयुष्यात लांग बांधली नाही त्यांनीही निकाल दिले. त्याच वर्षाच्या शेवटी संघटनांच्या भांडणात दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. एका वर्षाचे दोन केसरी. पुढं फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. तिथं आधीच्या फेरीत चितपट दिल्याच्या रागात राक्षेनं पंचाला लाथ मारली, अंतिम लढतीत गायकवाडनं वाद घालून आखाडा सोडला, आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. ते बघून 2007 आणि 2008 चे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी आपल्यावरही तिसऱ्या गदेच्या वेळी अन्याय झाला होता असं सांगत आपल्या दोन्ही गदा परत करणार असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. आमच्या कुस्तीत 'अन्याय' या शब्दाला एकच अर्थ आहे: पंच. गुण खाल्ला, वेळ खाल्ला, खांदा टेकला नव्हता, परगावच्या पोराला मुद्दाम उतरवलं. अन्यायाचा दुसरा काही प्रकार असू शकतो, म्हणजे समोरच्याच्या अंगात काय आहे याचा, हे आमच्या वादात बसतच नाही. म्हणून नरसिंगचं नाव निघालं की गाडी अडते.

नरसिंग पंचम यादव. मूळ गाव वाराणसीकडचं, वाढला मुंबईत जोगेश्वरीला. घरचा दुधाचा धंदा. कांदिवलीच्या साई केंद्रात जगमल सिंग यांच्याकडे तयार झाला. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 74 किलोत सुवर्ण. मग 2011, 2012, 2013 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. आंतरराष्ट्रीय मॅटवर 74 किलोत लढणारा गडी इथं खुल्या गटात उतरला आणि तीन गदा घेऊन गेला. सलग तीन त्याच्या आधी कुणी केल्या नव्हत्या. नंतर जळगाव जिल्ह्याच्या विजय चौधरीनं 2014 ते 2016 मध्ये केल्या. राज्य सरकारनं नरसिंगला पोलीस उपअधीक्षक केलं. 2014 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, आणि सप्टेंबर 2015 मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. या शेवटच्या पदकानं भारताला रिओ ऑलिंपिकची 74 किलोची जागा मिळाली.

तेव्हाही टपरीवर वाद होता, पण वेगळा. 'हा महाराष्ट्राचा कसला, भय्या आहे' असं म्हणणारे होते. त्यांना कुणीतरी हमखास 1966 चे केसरी दीनानाथ सिंह आठवून द्यायचं, जे उत्तर प्रदेशातून येऊन कोल्हापूरच्या मातीत मोठे झाले. मग सुशील कुमारनं रिओसाठी चाचणी लढत मागितली. दोन ऑलिंपिक पदकांचा मालक, पण त्याचा 66 किलोचा गट ऑलिंपिकमधून काढून टाकला होता, म्हणून तो 74 मध्ये आलेला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि जून 2016 मध्ये न्यायालयानं सुशीलची मागणी फेटाळली. त्या दिवसापासून नरसिंग पूर्ण 'आपला' झाला. दिल्लीवाल्यांविरुद्ध उभा राहिलेला महाराष्ट्राचा पैलवान. मूळ गाव कुणी विचारेना.

25 जून 2016 ला त्याचा नमुना घेतला गेला. त्यात मेटँडिएनोन सापडलं. 5 जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही सापडलं.

मेटँडिएनोन म्हणजे जिममध्ये ज्याला 'डायनाबॉल' म्हणतात ती गोळी. सिबा या स्विस औषध कंपनीनं 1950 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणलेली. शरीरात टेस्टोस्टेरॉनसारखं काम करते: व्यायामानंतर स्नायू लवकर भरून येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकंच ओझं उचलता येतं. बदल्यात यकृत, हृदय, हार्मोन्स यांचं जे व्हायचं ते होतं. ऑलिंपिक समितीनं अशा स्टिरॉइड्सवर 1975 मध्ये बंदी घातली आणि 1976 च्या माँट्रियलपासून तपासणी सुरू केली. म्हणजे हे काही नवं, गूढ, प्रयोगशाळेतलं औषध नव्हतं. चाळीस वर्षं ओळखीची, सहज सापडणारी गोळी. नरसिंगच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच असायचा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही: ऑलिंपिक महिन्यावर आलंय, तपासणी होणार हे माहीत आहे, तर इतकी बावळट गोळी कोण घेईल?

नरसिंगनं सांगितलं की सोनिपतच्या शिबिरात त्याच्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं. त्यानं पोलिसांत तक्रार दिली, एका ज्युनियर पैलवानावर संशय घेतला. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या पैलवानाच्या नमुन्यातही तेच औषध निघालं होतं, त्यामुळं कटाच्या गोष्टीला जोर आला. 1 ऑगस्टला आपल्या देशाच्या नाडानं त्याला निर्दोष सोडलं: हा घातपाताचा बळी आहे. त्या रात्री फटाके कुठं कुठं वाजले असतील कोण जाणे, आमच्याकडे चहा फुकट वाटला गेला.

मग वाडा मैदानात आली. जागतिक संस्थेनं नाडाच्या निकालाविरुद्ध रिओतच बसलेल्या क्रीडा लवादाकडे अपील केलं. 18 ऑगस्ट 2016 ला लवादानं चार वर्षांची बंदी घातली. 19 तारखेला त्याची लढत होती. मॅटवर पाय न ठेवता तो परत आला.

लवादानं काय म्हटलं हे आमच्या वादात कधीच येत नाही, म्हणून ते सांगणं गरजेचं आहे. उत्तेजकांच्या नियमात खेळाडूच्या अंगात सापडलेल्या पदार्थाला तो स्वतः जबाबदार असतो. कुणी कालवलं असं म्हणायचं असेल तर ते पटण्याइतपत दाखवून द्यायची जबाबदारीही त्याचीच. कटाचा ठोस पुरावा समोर आला नाही, असं लवादाला वाटलं. आणि तज्ज्ञांची साक्ष अशी होती की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पाण्यात पूड शिंपडल्यानं येईल तसं नव्हतं, एक-दोन गोळ्या गिळल्यावर येईल तसं होतं. 'इतकी बावळट गोळी कोण घेईल' या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर नाही. पण तो प्रश्न म्हणजेही पुरावा नव्हे. मला विचाराल तर समोर जे कागद होते त्यावर लवादाचा निकाल बरोबर होता, आणि नाडानं आपल्या माणसाला सोडताना घाई केली. हे मी टपरीवर एकदा बोललो. माझ्या शेजारचा माणूस चहा अर्धा ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पण विषय काढला नाही.

बंदीसोबत लवादानं आणखी एक गोष्ट केली होती: 25 जून 2016 पासूनचे त्याचे सगळे निकाल रद्द. त्या तारखेपासूनचे, आधीचे नव्हे. म्हणजे 2011, 2012, 2013 च्या तिन्ही गदा, 2015 चं जागतिक पदक, पोलिसातली नोकरी यातलं काहीच या निकालानं हललं नाही. तालमींच्या भिंतींवर रंगवलेल्या यादीत तीन ओळी तशाच आहेत, आणि कायद्यानं तशाच असायला हव्यात.

नेमका याच प्रश्नावर, म्हणजे आधीच्या यशाचं काय करायचं यावर, अमेरिकेतले बेसबॉलचे चाहते गेली वीस वर्षं भांडताहेत. त्यांचं भांडण ऐकण्यासारखं आहे.

बेसबॉल आपल्याकडे फार कुणी बघत नाही, म्हणून इतकंच: एकजण चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात, दुसरा लाकडी दांडक्यानं मारतो, आणि चेंडू सीमेपार गेला की होमरन. आपला षटकार समजा. बॅरी बाँड्स नावाच्या फलंदाजाचा 2000 सालापर्यंतचा एका हंगामातला सर्वोच्च आकडा 49 होमरन होता. 2001 मध्ये, वयाच्या सदतिशीत, त्यानं 73 मारले. कारकिर्दीत 762. दोन्ही आकडे आजही विक्रम आहेत. रॉजर क्लेमेन्स हा पिचर. चाळिशी उलटल्यावरही तो तरण्या फलंदाजांना चेंडू दिसू देत नव्हता, आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यानं सात वेळा घेतला. त्या काळात बेसबॉलमध्ये उत्तेजकांची तपासणीच नव्हती. पकडलं तर शिक्षा, अशी व्यवस्था 2004 मध्ये आली. डिसेंबर 2007 मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा चौकशी अहवाल आला, त्यात दोघांची नावं होती. क्लेमेन्सनं आरोप कायम नाकारले, बाँड्सनं जाणूनबुजून काही घेतलं नाही असं सांगितलं. मार्क मॅग्वायर नावाच्या तिसऱ्या एकानं, ज्यानं 1998 मध्ये 70 होमरन मारून देश वेडा केला होता, 2010 मध्ये स्टिरॉइड घेतल्याचं कबूल केलं.

न्यू यॉर्क राज्यात कूपर्सटाऊन नावाचं छोटं गाव आहे, तिथं बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. तिथं नाव लागणं म्हणजे या खेळातला सगळ्यात मोठा मान. निवृत्त खेळाडूचं नाव क्रीडा पत्रकारांसमोर मतदानाला येतं, 75 टक्के मतं लागतात, आणि जास्तीत जास्त दहा वर्षं संधी. मत देताना खेळाबरोबर चारित्र्यही बघा असं नियमातच लिहिलेलं आहे. बाँड्स आणि क्लेमेन्स दहा वर्षं मतपत्रिकेवर राहिले. जानेवारी 2022 मध्ये, शेवटच्या संधीला, बाँड्सला 66 टक्के आणि क्लेमेन्सला त्याहून किंचित कमी मतं पडली. दोघंही बाहेर राहिले. गंमत म्हणजे त्याच दिवशी डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच प्रयत्नात आत गेला, आणि 2003 च्या गुप्त चाचणीत सापडलेल्यांत त्याचं नाव असल्याची बातमी पूर्वी येऊन गेली होती. म्हणजे त्यांचाही न्याय काही सरळ रेषेत चालत नाही. हसतमुख माणसाला सूट मिळते, तिरसट माणसाला मिळत नाही, असं तिथलेच लोक म्हणतात.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही. आकडे. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याची नोंद असते, शंभर वर्षांहून जास्त काळाची. त्यामुळं 49 वरून 73 वर गेलेला आलेख कुणालाही दिसतो. एका काळात सगळ्यांचेच आकडे फुगले हेही दिसतं, आणि म्हणून तिथले लोक त्या काळाला 'स्टिरॉइडचा काळ' असं नाव देऊ शकतात. या काळातले किती टक्के वजा करायचे, यावर भांडू शकतात. कुस्तीत काय वजा करणार? कोण कुणाला कुठल्या डावावर पाडलं, एवढंच उरतं, आणि तेही सांगणाऱ्याच्या तोंडी. धाक, ढाक, एकलंगी, निकाल, धोबीपछाड. पैलवान किती फुगला हे डोळ्यांना दिसतं, पण डोळे साक्षीला उभे राहत नाहीत. आपल्याकडे असा काळ येऊन गेला का, चालू आहे का, हे सांगायला वहीच नाही. नाव नसलेल्या काळाबद्दल वाद घालता येत नाही, फक्त कुजबुजता येतं.

आणि कुजबुज आहे. तालमीत, जिममध्ये, पोलीस भरतीच्या मैदानावर 'टर्मिन' हा शब्द न ऐकलेलं पोरगं आता सापडणार नाही. मेफेंटरमाइन नावाचं हे इंजेक्शन. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर वापरतात. धडधाकट पोरानं टोचून घेतलं की हृदय जोरात पळतं, दम लागत नाही, भीती जाते. पुन्हा पुन्हा घेतलं की त्याशिवाय उभं राहवत नाही, आणि काहींचं डोकं फिरतं. स्पर्धेच्या काळात ते वाडाच्या बंदीच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या राज्यात कुठून ना कुठून येत राहतात. आमच्याकडचा एक मुलगा, ज्याच्याबद्दल सगळे 'लांब जाणार' म्हणत होते, तो गेल्या वर्षी रात्रीचा झोपेना. आई त्याला घेऊन शहरात डॉक्टरकडे गेली तेव्हा कळलं. आता तो तालमीत जात नाही. त्याच्याबद्दल टपरीवर बोलताना लोक 'नजर लागली' म्हणतात.

देशाचे आकडे तरी आहेत. वाडाच्या 2023 च्या अहवालात भारताचे 5,606 नमुने तपासले गेले आणि 213 मध्ये बंदी असलेले पदार्थ निघाले. शंभरात जवळपास चार. ज्या देशांनी पाच हजारांहून जास्त नमुने तपासले त्यांच्यात हे प्रमाण सगळ्यात जास्त. हे तपासलेल्यांचे आकडे आहेत. ज्याच्याकडे कुणी बाटली घेऊन गेलंच नाही, त्याचा आकडा यात येत नाही.

मोठ्या माणसांच्या सन्मानाचा प्रश्न म्हणूनच मला नुसता भिंतीवरच्या रंगाचा वाटत नाही. गदा म्हणजे आमच्याकडे नोकरी, आणि नोकरी म्हणजे कोरडवाहू शेतातून सुटका. नरसिंग आणि विजय चौधरी दोघंही केसरी म्हणून पोलीस उपअधीक्षक झाले, हे पोरांना पाठ आहे. खाशाबा जाधव पाठ नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस 1952 मध्ये हेलसिंकीला गेला तो लोकांकडून पैसे गोळा करून. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तिथं एका लढतीनं दमलेला असताना लगेच पुढच्या लढतीला उभा केला गेला. मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण आपल्या पथकातलं कुणी भांडायला तिथं हजरच नव्हतं. कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1955 मध्ये पोलिसात फौजदार झाले. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. यात पंच नव्हता, कट नव्हता, गोळी तर नव्हतीच, आणि तरी अन्याय झाला. टपरीवर मी हे सांगितलं तर सगळे माना डोलावतात, कारण यात कुणाला काही सोडावं लागत नाही.

नरसिंगच्या बाबतीत सोडावं लागतं. एक तर हा आपला माणूस फसवला गेला ही गोष्ट, नाहीतर त्यानं चूक केली ही गोष्ट. दोन्ही एकदम धरता येत नाहीत असं लोकांना वाटतं. मला मात्र केसरीच्या यादीतच एक सोय दिसते. तिच्यात काही वर्षांपुढं नावच नाही, तिथं 'अनिर्णित' लिहिलेलं आहे. अंतिम कुस्ती झाली, निकाल लागला नाही, तर परिषदेनं तसंच लिहून ठेवलं. कुणाला खूश करायला कुणाचं नाव घातलं नाही. निकाल न लागणं हाही कुस्तीत एक निकाल असतो, आणि जुनी माणसं तो बिनतक्रार मान्य करायची. नरसिंगच्या तीन गदा त्याच्याच आहेत, त्या मॅटवर आणि मातीत त्यानं कमावल्या, आणि त्या वर्षांबद्दल त्याच्यावर काही सिद्ध झालेलं नाही. त्याच यादीच्या खाली, 2016 मध्ये या पैलवानावर उत्तेजकांसाठी चार वर्षांची बंदी आली होती, अशी एक ओळ लिहायला हरकत नसावी. कूपर्सटाऊनवाल्यांसारखं दार बंद करायचं नाही आणि आपल्यासारखी मान दुसरीकडे वळवायचीही नाही. नव्या पोरानं दोन्ही वाचावं. या सूचनेला टपरीवर आजवर एकही मत पडलेलं नाही.

बंदी 2020 मध्ये संपली, नरसिंग पुन्हा मॅटवर उतरला. एप्रिल 2024 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू समितीचा तो अध्यक्ष म्हणून निवडून आला. म्हणजे देशभरच्या पैलवानांच्या तक्रारी ऐकायचं काम आता त्याच्याकडे. ही बातमी आली तेव्हा एकजण म्हणाला, 'बघा, शेवटी न्याय मिळाला.' दुसरा म्हणाला, 'मग पोरांच्या तपासणीचं त्यालाच विचारा, त्याच्याइतकं कुणाला कळतंय?' मला हा दुसरा माणूस आवडला. चिडून बोलला होता, पण बोलला बरोबर.

मोठ्या स्पर्धेत नमुना घेतात तेव्हा खेळाडूसमोर लघवी दोन बाटल्यांत भरतात, अ आणि ब, दोन्हीला सील लागतं, आकडे लिहून सही घेतात. अ मध्ये काही सापडलं तर ब उघडायला सांगायचा हक्क त्याला असतो. गावच्या जत्रेत कुस्ती निकाली झाली की विजेत्याला खांद्यावर घेतात, डोक्याला फेटा बांधतात, आणि इनामाचे पैसे गुलाल झटकायच्या आत त्याच्या हातात पडतात. पुढची जोड तोवर फडात आलेली असते.